पहिलीच गाडी आणि तीही जुनी: मीटर नंतर बघ, आधी इंजिन थंड आहे का ते बघ

तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. मोटरसायकल शिकणं अजून चालू आहे, उंची पाच फूट तीन इंच, नवीन गाडीचं बजेट नाही, आणि समोर तीन गाड्या आहेत. पहिली ५ वर्षं जुनी १५० सीसी, मीटरवर फक्त ६ हजार किलोमीटर, पण गेली दोन वर्षं कव्हर घालून उभी. दुसरी तेच मॉडेल, तेवढीच जुनी, २८ हजार चाललेली, मालक रोज वापरतो, सर्व्हिसची बिलं आहेत पण एका बाजूला खरचटलेली. तिसरी मित्राच्या ओळखीतली चार सिलिंडरची ६०० सीसी, "अशी डील परत मिळणार नाही" वाली. आणि घरातले, मित्र, सगळे म्हणतायत की ६ हजारवाली घे, जवळजवळ नवीनच आहे.

मी गॅरेजवाला माणूस, लोक जुनी गाडी घेताना मला सोबत घेऊन जातात, त्यामुळे सरळच सांगतो. मी असतो तर आधी २८ हजारवाली बघितली असती. खाली सांगतो ते सगळं नीट निघालं तर तीच घे. ६ हजारवाली दुसऱ्या नंबरवर, आणि तिच्यावर होणारा खर्च किमतीतून कापला तरच. ६०० तर बघायलाही जाऊ नकोस, कारण एकदा तिच्यावर बसलं की डोकं चालायचं बंद होतं, हे मी चांगल्या चांगल्या लोकांचं होताना बघितलंय.

आता का ते. ५ वर्षांत २८ हजार म्हणजे दिवसाला साधारण १५ किलोमीटर झाले. वेळेवर ऑइल बदललेल्या दीडशे सीसीच्या सिंगल सिलिंडर इंजिनाला हे काहीच नाही. रोज चालणाऱ्या गाडीत काही बिघडलं तर मालकाला त्याच आठवड्यात कळतं, ऑफिसला जायचं असतं म्हणून तो ते करूनही घेतो. उभ्या गाडीचं कोणालाच काही कळत नाही, ती गुपचूप खराब होत राहते. कार्ब्युरेटरवाली असेल तर त्यातलं पेट्रोल उडून जातं आणि मागे जो चिकट थर राहतो तो बारीक जेट, म्हणजे पेट्रोल जायची भोकं, बंद करतो. टाकी अर्धी रिकामी असेल तर वरच्या बाजूने आतून गंज धरतो. बॅटरी तर गेलेलीच समज. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं, कॅलिपरचा, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाचा, पिस्टन जाम होतो, टायर एकाच जागी दबून कडक होतात, फोर्कची, म्हणजे पुढच्या शॉकअपच्या नळ्यांची, ऑइल सील सुकतात आणि गाडी रस्त्यावर काढल्यावर पंधरा दिवसांत गळायला लागतात. एअर फिल्टरच्या डब्यात उंदराचं घरटं मिळणं हा विनोद नाहीये, मिळतं. शिवाय ३ वर्षांत ६ हजार म्हणजे बहुतेक सगळ्या छोट्या छोट्या चकरा, इंजिन पूर्ण गरम व्हायच्या आधीच बंद, त्यात ऑइलमध्ये पाण्याची वाफ साठत जाते. म्हणून कमी किलोमीटर म्हणजे चांगली गाडी हे डोक्यातून काढ. आणि मीटरवरचा आकडा खरा असेलच याची तरी काय गॅरंटी, जुन्या गाडीत मीटरची केबल काढून ठेवता येते, डिजिटल मीटरही फिरवता येतो. आकड्यापेक्षा फूटरेस्टचं रबर, गिअर लिव्हरचं रबर, हँडलच्या ग्रिप आणि चावीची झीज बघ. मीटर ६ हजार म्हणतंय आणि गिअर लिव्हरचं रबर गुळगुळीत झालंय तर कोणीतरी खोटं बोलतंय, आणि रबर तर बोलत नाही.

६०० बद्दल थोडं जास्त बोलतो कारण मला माहितीये मन तिकडेच आहे. युरोपात लायसन्सचे टप्पे असतात, पहिल्या टप्प्याला १२५ सीसी आणि ११ किलोवॅटची मर्यादा, त्यानंतरच्याला ३५ किलोवॅटची. चार सिलिंडरची सहाशेची स्पोर्ट्स बाइक असते ८० किलोवॅटच्या आसपास. ती ताकद खाली नसते, वरच्या आरपीएमला एकदम येते, म्हणजे नवशिक्याला सुरुवातीला वाटतं अरे ही तर शांत आहे, आणि मग एका ओव्हरटेकला हात जरा जास्त फिरतो. समोरचे ब्रेकही तितकेच तिखट, घाबरून मूठ आवळली की चाक लॉक. १९८१ साली अमेरिकेत हॅरी हर्ट यांच्या टीमचा मोटरसायकल अपघातांवरचा मोठा अभ्यास आला होता, सुमारे ९०० अपघात त्यांनी प्रत्यक्ष जागेवर जाऊन तपासले होते. त्यात दिसलं की अपघात झालेल्यांपैकी निम्म्याहून जास्त लोकांना त्या विशिष्ट गाडीवर ५ महिन्यांपेक्षा कमी अनुभव होता, बाकी गाडी चालवायचा अनुभव सरासरी जवळजवळ ३ वर्षांचा असूनसुद्धा. आणि अडचणीच्या क्षणी बरेच जण मागचा ब्रेक जोरात दाबून चाक घसरवत होते, पुढचा मात्र पुरेसा वापरतच नव्हते. अभ्यास जुना आहे, पण माणसाचा घाबरलेला हात पाय काही बदललेला नाही. तुझ्याकडे दोन्ही गोष्टी एकदम येणार, गाडी नवीन आणि चालवणंही नवीन. त्यात ८० किलोवॅट कशाला? खर्चाचं तर बोलतच नाही, रुंद टायर, चार सिलिंडरचे १६ व्हॉल्व्ह, सगळ्याचंच काम महाग.

उंचीची काळजी नको करू. दोन्ही पायांचे चवडे जमिनीला नीट टेकले की झालं, टाच टेकलीच पाहिजे असं नाही. उंचीपेक्षा वजन जास्त त्रास देतं, विशेषतः उतारावर गाडी मागे ढकलताना. बघायला जाशील तेव्हा इंजिन बंद ठेवून गाडी दहा पावलं पुढे मागे ढकलून बघ, साइड स्टँडवरून सरळ कर, परत लाव. त्यातच दम लागला तर ती गाडी तुझी नाही, विषय संपला. एबीएस, म्हणजे ब्रेक मारल्यावर चाक लॉक होऊ न देणारी सिस्टीम, असलेली मिळाली तर पहिल्या गाडीसाठी थोडे जास्त पैसे द्यायला हरकत नाही, सगळ्या जादा फीचर्समधलं हे एकच मला पैसे वसूल वाटतं.

आता तपासायचं कसं. माझी पद्धत अशी की जी खराबी दिसेल ती मनात तीन ढिगांत टाकायची. पहिला ढीग झिजणाऱ्या वस्तूंचा, टायर, चेन-स्पॉकेट, ब्रेक पॅड, बॅटरी, केबल. यांना घाबरायचं नाही, किंमत विचारायची आणि तेवढी कापायची. दुसरा ढीग मेकॅनिकने बघितल्याशिवाय सांगता येणार नाही असा, म्हणजे इंजिनाचे आवाज, धूर, क्लच, ऑइल गळती. तिसरा ढीग म्हणजे वाकलेली चॅसी, नंबरची खाडाखोड, कागदांचा घोळ. तिसऱ्यात एक जरी गोष्ट पडली तरी हेल्मेट उचलायचं आणि निघायचं, गाडी फुकट दिली तरी. नवीन माणूस नेमका उलटा वागतो, टायर गुळगुळीत बघून घाबरतो आणि चकाचक पॉलिश बघून चॅसी विसरतो.

फोनवर वेळ ठरवताना सांग की मी यायच्या आधी गाडी चालू करू नका, मला थंड स्टार्ट बघायचाय. गेल्यागेल्या इंजिनाजवळ हात ने, सांभाळून, गरम लागलं तर समजायचं की थंडीत चालू व्हायला गाडी कुरकुर करते आणि ते तुझ्यापासून लपवलंय. दरवेळी तसंच असेल असं नाही, मालक आत्ताच बाहेरून आला असेल, मग सरळ दुसऱ्या दिवशी सकाळी ये. दिवसाउजेडी जा, पाऊस पडत असताना नको, ओली गाडी सगळी सारखीच चमकते आणि ओरखडेही लपतात. सोबत टॉर्च, फडकं आणि मिळाला तर मल्टिमीटर घे, आणि मुख्य म्हणजे गाडी नीट चालवणारा एक माणूस घे, कारण टेस्ट राइड तू घ्यायची नाहीयेस. दुसऱ्याची गाडी, अनोळखी क्लच, शेजारी मालक उभा, कशाला ते.

चालू करायच्या आधी कागद. लोक हे शेवटी करतात, तोपर्यंत गाडी आवडलेली असते आणि मग कागदातली गडबड "होऊन जाईल हो" वर सुटते. चॅसीवर ठोकलेला नंबर, सहसा हँडलच्या खाली पुढच्या नळीवर असतो, तो आणि इंजिनावरचा नंबर स्वतःच्या डोळ्याने कागदाशी अक्षर अन् अक्षर जुळवून बघ. हल्लीच्या गाड्यांचा चॅसी नंबर १७ अक्षरी असतो आणि त्यात इंग्रजी आय, ओ, क्यू ही अक्षरं नसतात, त्यामुळे गोल दिसलं की ते शून्यच. नंबरच्या आसपास घासल्याच्या खुणा, वेगळा रंग, वाकडीतिकडी अक्षरं दिसली तर तिसरा ढीग. विकणारा आणि कागदावरचं नाव एकच आहे का, त्याचं ओळखपत्र बघ. गाडीवर कर्ज होतं का, असेल तर फिटल्याचं बँकेचं पत्र पाहिजे, नुसतं तोंडी नको. दंड, टॅक्स, इन्शुरन्स काय शिल्लक आहे ते विचार. दोन्ही चाव्या माग. दुसरी चावी हरवली म्हणणारे प्रामाणिकही असतात, पण मग लॉक सेट बदलायचा खर्च धर. आणि नाव बदलल्याशिवाय, निदान त्याच्या सगळ्या सह्या झाल्याशिवाय, पूर्ण पैसे द्यायचे नाहीत. भाऊच असला तरी.

मग लांबून बघ. मागे आठ दहा पावलं जाऊन दोन्ही चाकं एका रेषेत आहेत का, हँडल सरळ धरल्यावर पुढचं चाक सरळ आहे का. तुझ्या यादीतली दुसरी गाडी एका बाजूला खरचटलेली आहे असं तू लिहिलंयस, तर ते नीट वाचायला शिक. उभी असताना पडलेल्या गाडीला ठराविक जागी मार असतो, लिव्हरचं टोक, हँडलचं टोक, आरसा, फूटरेस्ट, इंजिनच्या कव्हरवर एक चेप. ते चालतं, उलट बरंच आहे, पहिला ओरखडा कोणीतरी आधीच पाडून ठेवलाय म्हणजे तुझ्या हातून पडेल तेव्हा जीव हळहळणार नाही, आणि पडणार आहेच, पार्किंगमध्ये एकदा तरी. घसरत गेलेल्या गाडीला मात्र एकाच दिशेने लांब समांतर रेघा असतात. आणि समोरून ठोकलेली गाडी रेघांनी कळत नाही, ती कळते हँडलच्या मुळाशी. हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे फिरव, जिथे ते अडतं तिथे चॅसीला छोटे स्टॉपर असतात, ते चेपलेले किंवा तुटलेले असतील तर जोरदार आपटलीये. तिथल्याच वेल्डिंगजवळ रंगाला तडे, सुरकुत्या, किंवा फक्त तेवढाच नवीन रंग दिसला तर मी तरी ती गाडी घेत नाही. एका बाजूचे सगळे पार्ट नवेकोरे आणि दुसऱ्या बाजूचे जुने असतील तर का ते विचार.

पुढचं चाक उचललेलं असताना, मेन स्टँड असेल तर एकाने मागे दाबून धरायचं, हँडल अगदी हळू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरव. बरोबर मधोमध ते एका खाचेत बसल्यासारखं वाटलं तर कोन सेट, म्हणजे हँडल फिरतं त्या बेअरिंगचा सेट, गेलाय. फोर्क खालून धरून पुढे मागे हलव, टकटक झालं तर तेच किंवा निदान ढिला तरी झालाय. हे दुरुस्त होतं, फार मोठं काम नाही, पण कापायच्या यादीत लिही. मागचं चाक आडवं हलवून बघ, प्ले असेल तर तो चाकाच्या बेअरिंगचा आहे की चिमट्याच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याच्या) बुशचा ते सोबतच्या माणसाला ओळखू दे. पुढचा ब्रेक धरून शॉकअप दोन चारदा जोरात दाब, मग नळीवर बोट फिरव, ऑइलची कडी उमटली तर सील गेले. नळीवर गंजाचे खड्डे असतील तर नुसते सील बदलून उपयोग नाही, ते खड्डे नवीन सील परत फाडतात.

टायरवर लंबगोलात चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. ६ हजारवालीवर गाडीसोबत आलेलेच टायर असतील, नक्षी अगदी नवी दिसेल, पण रबर ५ वर्षांचं आणि त्यातली दोन वर्षं एकाच जागी दबलेलं. ओल्या रस्त्यावर असल्या टायरवर नवशिक्याला मी जाऊ देणार नाही, बाजूला बारीक तडे दिसले तर नक्कीच नाही, दोन्ही टायर नवीन धरूनच किंमत लाव. चेन मागच्या स्पॉकेटवर अगदी मागच्या टोकाला धरून बाहेर ओढ, अर्ध्याहून जास्त दात उघडा पडला तर संपली, आणि स्पॉकेटचे दात एका बाजूला झुकून टोकदार झाले असतील तर ओढून बघायचीही गरज नाही. चेन एकटी बदलायची नसते, दोन्ही स्पॉकेटसह सेट बदलायचा, तसा हिशोब धर. डिस्कवर कमीतकमी जाडीचा आकडा कोरलेला असतो, कडेला बोटाला धार लागत असेल तर जवळ आलीये. ब्रेक ऑइल फिक्कट पिवळसर पाहिजे, काळ्या चहासारखं असेल तर वर्षानुवर्षं कोणी हात लावलेला नाही, आणि ज्याने हे केलं नाही त्याने बाकीचं काय केलं असेल ते समजून घे.

टाकीचं झाकण उघडून टॉर्चने आत बघ. तपकिरी पापुद्रे दिसले तर टाकी, कार्ब्युरेटर किंवा फ्युएल पंप सगळंच कामाला लागेल. सीटखाली वायरिंग बघ, ठिकठिकाणी टेप गुंडाळलेले जोड, लोंबकळणारे कनेक्टर, कोणीतरी बसवलेला जादा हॉर्न आणि लाइट, हे मला इंजिनाच्या आवाजापेक्षा जास्त घाबरवतं, कारण इंजिनाचा दोष सापडतो, असल्या वायरिंगचा महिनोन्‌महिने सापडत नाही. बदललेला मोठ्या आवाजाचा सायलेन्सर, कापलेला मडगार्ड, उघडा फिल्टर, असली "मॉडिफाय" गाडी पहिली गाडी म्हणून नकोच. मालक म्हणेल एवढा खर्च केलाय, त्याचा खर्च ही त्याची हौस, तुझ्यासाठी गाडीची किंमत त्याने वाढत नाही. कंपनीची आहे तशी गाडी शोध.

आता चावी फिरव. फ्युएल इंजेक्शनवाली असेल तर पंपाचा एक दोन सेकंद घूंऽऽ आवाज येतो आणि इंजिनचा दिवा लागून विझतो, इंजिन चालू झाल्यावरही राहिला तर दोष आहे. दिवा लागलाच नाही तर आणखी संशय घे, काही महाभाग बल्बच काढून टाकतात. एबीएसचा दिवा मात्र गाडी थोडी चालल्यावरच विझतो, जागेवर उभं राहून त्याच्यावरून भांडू नको. सेल्फ मार, थंड इंजिन दोन तीन सेकंदांत पकडायला पाहिजे, कार्ब्युरेटर असेल तर चोक ओढून. मल्टिमीटर असेल तर चालू करण्याआधी बॅटरीवर साधारण १२.६ व्होल्ट, आणि चालू करून रेस वाढवल्यावर १३.५ ते १४.५ च्या मध्ये पाहिजेत. रेस वाढवूनही व्होल्ट वर सरकत नसतील तर चार्जिंग होत नाहीये, नवीन बॅटरी टाकून ते सुटणार नाही.

धूर बघ. सकाळी गारव्यात पांढरट वाफ येते आणि दोन मिनिटांत जाते, ती सोड. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. फक्त चालू करताना एक झोत येऊन बंद झाला तर बहुतेक व्हॉल्व्ह सील, रेस दिल्यावर येत राहिला तर रिंग आणि बोअर, म्हणजे इंजिन उघडायचं काम. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, ते बऱ्याचदा फिल्टर आणि ट्यूनिंगवर सुटतं. कूलंटवाल्या गाडीत इंजिन गरम झाल्यावरही पांढरा दाट धूर येत राहिला आणि ऑइल दुधाळ दिसलं तर हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाखालचं पॅकिंग, गेलंय. आवाजाचं असं की वरून येणारी हलकी टिकटिक म्हणजे टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागातली फट), ती सेट होते. टॅपेटच्या टिकटिकीपेक्षा अगदीच गप्प इंजिन कधी कधी वाईट असतं, टॅपेट टाइट असले तर आवाज येत नाही पण व्हॉल्व्ह नीट बसत नाही आणि हळूहळू जळतो. बाजूने चेन खळखळल्यासारखा आवाज म्हणजे टायमिंग चेन किंवा तिचा टेन्शनर. खालून येणारा जड ठकठक, जो रेस दिल्यावर वाढतो, तो ऐकला की चावी बंद करून धन्यवाद म्हणायचं.

टेस्ट राइडला तुझा माणूस जाईल, तू मागून दुसऱ्या गाडीवर किंवा रस्त्याकडेला उभं राहून धूर बघ. त्याला सांगायचं की वरच्या गिअरमध्ये कमी स्पीडला एकदम रेस दे, इंजिन ओरडलं आणि गाडी पुढे गेली नाही तर क्लच प्लेट गेल्यात. प्रत्येक गिअरमध्ये रेस देऊन सोडून बघ, गिअर आपोआप बाहेर उडतो का, दुसऱ्या गिअरकडे जास्त लक्ष दे. ब्रेक मारताना लिव्हर हाताला धडधडते का, गाडी एका बाजूला ओढते का. परत आल्यावर इंजिन बंद करून पाच मिनिटं गप्पा मारायच्या आणि परत सेल्फ मारायचा, गरम इंजिन चालू न होणं हा त्रास वेगळाच असतो आणि तो फक्त असाच सापडतो. मग टॉर्च घेऊन खाली बघ, इंजिन धुवून पुसून ठेवलेलं असलं तरी वीस मिनिटं चालल्यावर ओलावा परत दिसतो.

मालकाशी बोलताना मी तपासणीपेक्षा जास्त वेळ घालवतो, खरं सांगायचं तर. का विकताय, कोणतं ऑइल टाकता, शेवटचं कधी बदललं, टायरमध्ये हवा किती ठेवता. रोज वापरणाऱ्याला यातलं अर्धं तरी तोंडपाठ असतं. बिलं असतील तर त्यावरच्या तारखा आणि मीटर रीडिंग ओळीने लावून बघ, आकडा कुठे मागे गेलेला नाही ना, एवढं पाच मिनिटांचं काम आहे आणि कोणी करत नाही. "गाडीला कधी काहीच काम निघालं नाही" असं अभिमानाने सांगणारा मालक मला आवडत नाही. काम न निघणं आणि काम न करणं यात फरक असतो.

घासाघीस करताना "गाडीत दम नाही" वगैरे बोलू नको, माणूस दुखावतो आणि अडून बसतो. यादी काढ, दोन टायर, चेन सेट, बॅटरी, जे असेल ते, आणि त्या दिवशीच्या दुकानातल्या किमती समोर ठेव. तो थोडं खाली येईल, तू थोडं वर. एकूण बजेटच्या पंधरा वीस टक्के मात्र हातात राखून ठेव, कुठलीही जुनी गाडी पहिल्या दोन महिन्यांत काहीतरी मागतेच. हेल्मेट, ग्लोव्हज, जॅकेट, घोटा झाकणारे बूट हे त्याच्या बाहेरचे पैसे, आणि हेल्मेट जुनं घ्यायचं नाही, आतलं थर्माकोल एकदा आपटलेलं असेल तर बाहेरून कळत नाही.

तिन्हीपैकी कुठलीच जमली नाही तर सोड, आणखी दोन आठवडे थांब. घाईचा भाव नेहमी विकणाऱ्याच्या बाजूने असतो. आणि "आजच आणखी एक पार्टी येतेय" हे वाक्य ऐकलं की त्या पार्टीला गाडी घेऊ दे.

घेतल्यावर त्याच आठवड्यात इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर आणि ब्रेक ऑइल बदल, मालक काहीही म्हणू दे, आता हिशोब तुझ्या तारखेपासून सुरू. क्लच लिव्हरला मुळाशी २-३ मिलिमीटर मोकळा प्ले ठेवून घे. दोन्ही लिव्हर थोड्या खाली वर फिरवता येतात, तुझ्या मनगटाच्या रेषेत बसवून घे, तुझ्या उंचीला आणि हाताला याने खूप फरक पडेल. मग एखादं रिकामं मैदान बघून पुढच्या ब्रेकची सवय कर, २० च्या स्पीडला, सरळ रेषेत, मूठ एकदम न आवळता हळूहळू दाबत, मागचा सोबत हलका. हे रोज थोडं, हात आपोआप वळेपर्यंत. ५०० किलोमीटर झाले की चेनचा ताण, ऑइलची पातळी आणि नटबोल्ट एकदा परत बघून घे, नवीन केबल टाकली असशील तर ती तोवर थोडी ताणलेली असेल, क्लच परत सेट करावा लागेल.